हिंसेची किंमत आणि पंधरा वर्षांचा प्रेक्षक

परीक्षा आटोपल्या की अनेक घरांत एक वाद हमखास उभा राहतो. मुलाला एखादा गाजलेला विज्ञानपट पाहायचा असतो. त्यात यंत्रमानव आहे, म्हणून तो आमच्यासाठीच, ही त्याची बाजू. त्यात रक्तपात आहे, म्हणून तो नको, ही पालकांची. माझ्या घरी हा वाद झाला तो 'रोबोकॉप'वरून.

पॉल व्हरहोव्हन यांचा हा चित्रपट १९८७ सालचा. अमेरिकेत काही दृश्यांना कात्री लावल्यानंतर त्याला 'आर' प्रमाणपत्र मिळाले. म्हणजे १७ वर्षांखालील मुलाने तो वडीलधाऱ्यांसोबतच पाहावा. ब्रिटनमध्ये तो १८ वर्षांवरील प्रेक्षकांपुरता राखला गेला. गंमत अशी की, १९८८ मध्ये याच नायकाची मुलांसाठी व्यंगचित्रमालिका निघाली, खेळणीही आली. चित्रपटगृहाचे दार बंद आणि दुकानाचे मात्र सताड उघडे! १९९३ चा तिसरा भाग तर सौम्य करून 'पीजी-१३' वर्गात बसविण्यात आला.

किंमत दडविलेला माल स्वस्त भासतो व अधिक खपतो, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास सांगावयास नको. हिंसेचेही तसेच आहे. सौम्य चित्रपटांत माणसे पडतात, रक्त दिसत नाही, कोणी शोक करीत नाही. मूळ 'रोबोकॉप'मध्ये डेट्रॉइटचे पोलीस दल एका खाजगी कंपनीच्या हाती गेले आहे. तिचा नवा यंत्ररक्षक बैठकीतच बिघडून एका तरुण अधिकाऱ्याच्या देहाची चाळण करतो. वरिष्ठांना चिंता वाटते ती नुकसानीची. मर्फी हा पोलीस गुंडांकडून हालहाल होऊन मारला जातो व कंपनी त्याच्या देहापासून आपला 'माल' घडविते. तरी पोलादाआडून बायकोमुलाची आठवण पुसली जात नाही. येथे हिंसेची किंमत उघड मांडलेली आहे. अर्थात, अखेरच्या सूडप्रसंगांत हाच चित्रपट टाळ्याही मागतो, हे नाकारता येणार नाही.

म्हणूनच वयाचा प्रश्न उरतो. तेराव्या वर्षी मर्फीची हत्या तेवढी मनात रुतेल, उपरोध हाती लागणार नाही. आपल्याकडे १९८३ पासून असलेल्या 'यूए' वर्गाचे २०२३ च्या दुरुस्तीने ७, १३ व १६ असे टप्पे पाडले. परंतु ते पाळावयास लावण्याचा अधिकार पालकांवाचून कोणासही दिलेला नाही. मुलाच्या हाती मोबाईल असताना दुसरे कोणी ते करू तरी कसे शकणार?

माझा निर्णय असा : पंधराव्या वर्षी नको, सोळावे लागल्यावर, माझ्यासोबत. ब्रिटनची अठराची रेषा मला ठाऊक आहे. तिच्या अलीकडे मी येतो, तो शेजारी बसण्याची जबाबदारी पत्करून. चित्रपट संपल्यावर त्याला एकच विचारणार आहे : बैठकीत तो तरुण मेला, तेव्हा तुला हसू आले का? आले असेल, तर ते का आले?