फोटो तिचा, ओळ कुणाची?

८ मार्च जवळ आला की आमच्या सोलापुरात मोबाईलवर चित्रांचा पूर येतो. मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी बाई, कोपऱ्यात सावित्रीबाई, मागे मोर्चा, आणि या सगळ्यावर कुणाच्या तरी कवितेच्या चार ओळी. बाईचं नाव नाही. पुष्कळदा कवितेखालीही नाव नसतं. ही चित्रं आपल्याच संघटनांतल्या मैत्रिणी करतात, मनापासून करतात. म्हणूनच त्याबद्दल आपसात बोललं पाहिजे.

फोटो जोडून त्यांना कविता देण्याला माझा विरोध नाही. ही कला बाईच्या हाताला परकी नाहीच. वाकळ शिवताना कागदावर आराखडा कोण काढतं? तुकडा ठेवून बघायचा, सरकवायचा, मन म्हणेल तिथे टाका घालायचा. बर्लिनच्या हाना होखने १९१९च्या सुमारास छापील चित्रं कापून एक मोठं चित्र जुळवलं. त्याच्या नावातच स्वयंपाकघरातली सुरी आहे! आज ते काम मोबाईलवर बोटाने होतं.

प्रश्न आहे तो तुकडे कोण निवडतं याचा. आपण निवडतो तेव्हा वाकलेली मान निवडतो, आणि ओळही सोसण्याचीच शोधतो. तिच्याच मोबाईलमधले फोटो तिला निवडू दिले तर? कदाचित गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यापुढे उभी असलेली ती निघेल, लेकीचा निकाल निघेल, मोर्चात झेंडा धरलेली ती निघेल. सूप निघालंच, तर ते तिने ठेवलेलं असेल.

‘पण कविता तिला कशी जमणार?’ असं काहीजणी विचारतात. जात्यावरची ओवी कुणी रचली मग? ओवीत एका ओळीत दारची तुळस येते, दुसरीत माहेर. मधला धागा सांगितलेला नसतो, ऐकणारीने जोडायचा असतो. शेजारी ठेवलेले दोन फोटो हेच करतात. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी १९८०च्या दशकापासून गावोगाव हिंडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. २०१७पासून ‘पारी’च्या संकेतस्थळावर त्या येऊ लागल्या, त्या गाणारणीच्या नाव-गावासकट आणि अनेकदा तिच्या फोटोसकट. कष्टकरी बाईचे शब्द आणि तिचा चेहरा एकत्र कसा मांडावा, याचा धडा मराठीत आपल्यापुढे आहे.

सोलापुरात एक गोष्ट आणखी. आमच्या कितीतरी विडी कामगार बायका घरी तेलुगू बोलतात, कुणी उर्दू, कुणी कन्नड. ओळ त्या भाषेत सुचली तर त्याच भाषेत राहू द्यावी, खाली मराठी अर्थ द्यावा. शुद्ध मराठीत बसवायच्या नादात तिचं बोलणं पुन्हा आपलं होऊन बसतं.

आणि संमती. जुलै २०२१मध्ये आणि पुन्हा १ जानेवारी २०२२ला मुस्लिम बायकांचे फोटो त्यांच्या नकळत उचलून मोबाईलवर त्यांचा ‘लिलाव’ मांडला गेला. आपला हेतू अगदी उलट आहे, हे खरं. पण न विचारता फोटो उचलण्याची सवय आपल्यालाही आहे. ‘एकदा विचारलं होतं’ एवढ्याने भागत नाही. फोटो सभेत दाखवणं वेगळं आणि दोनशे जणांच्या गटात टाकणं वेगळं. तिथून तो तिच्या दिरापर्यंत पोचतो आणि घरात जाब तिला द्यावा लागतो. तिला चेहरा नको असेल तर नुसते हात घ्यावेत. नाव कोणतं घालायचं, तेही तिनेच सांगावं.

येत्या मार्चसाठी माझी सूचना साधी आहे. वस्तीत चार-पाचजणींनी दुपारी बसावं. मोबाईल चालवायला एखादी कॉलेजातली मुलगी असावी, पण तिने बोट सांगितल्याशिवाय हलवू नये. आधी फोटो मांडावेत, हवे तितके वेळा सरकवावेत, आणि बघता बघता जे तोंडातून निघेल ते लिहून घ्यावं. मग ते छापून विड्या जमा करायच्या रांगेजवळच्या भिंतीवर लावावं. कारण घरातला मोबाईल बहुधा नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या खिशात असतो, आणि रांगेत मात्र त्या रोज उभ्या असतात.