स्फटिक हवा, पण दगडासकट!

मॅट्रिक्स म्हटलं की आपल्यातल्या निम्म्यांना मॅथ्सचा पेपर आठवतो आणि उरलेल्यांना १९९९चा कियानू रीव्हजचा सिनेमा! पण खनिजं जमवणाऱ्यांच्या भाषेत मॅट्रिक्स म्हणजे स्फटिक ज्यावर वाढला तो मूळ दगड. लॅटिनमध्ये या शब्दाचा एक अर्थच गर्भाशय असा आहे. माझं स्पष्ट मत आहे, स्फटिक जमवायचा तर या दगडासकटच.

हिरव्या फ्लोराइटचंच घ्या ना. इंग्लंडमधल्या वेअरडेल खोऱ्यातल्या रॉजर्ली खाणीचे हिरवेगार, एकमेकांत घुसलेले घनाकृती स्फटिक जगभरच्या संग्राहकांना वेड लावतात. उन्हात धरले की ते निळसर दिसतात. ही अतिनील किरणांची कमाल! या गुणाला १८५२ साली स्टोक्सने ‘फ्लुओरेसन्स’ नाव दिलं, तेही याच खनिजाच्या नावावरून.

आता हा स्फटिक छिन्नीने सुटा करायला गेलं तर? एक तर तो धड निघणं मुश्कील. मोह्ज स्केलवर त्याची कठिणता फक्त ४, शिवाय चार दिशांना तो सहज दुभंगतो. आणि निघालाच, तर मुका होतो. खालचा चुनखडक, शेजारचं गॅलेना बघून कळतं की भेगेतून गरम, क्षारयुक्त पाणी कुठल्या खडकात शिरलं, आधी काय साठलं, नंतर काय. सुटा तुकडा एवढंच सांगतो, ‘मी कॅल्शियम फ्लोराइड!’

कुणी म्हणेल, सुटे तुकडे स्वस्त पडतात, जागाही कमी लागते. मान्य. हॉस्टेलच्या कपाटात आधीच जागा कुठंय? पण प्रश्न शोकेसचा नाही, शिकण्याचा आहे. आपल्या जिऑलॉजी लॅबमध्येही बरेचसे नमुने सुटेच आहेत, वर फक्त नंबर. व्हायवापुरतं ठीक आहे हो! पण उद्या बोगद्यात किंवा धरणाच्या पायाशी उभे राहू, तेव्हा खनिज डबीत घालून कोण देणार? ते खडकातच ओळखावं लागेल.

पुणे-नाशिककडच्या बेसाल्टच्या पोकळ्यांत हिरवा अपोफिलाइट सापडतो. पुढच्या फील्ड व्हिजिटला खाणमालकाची परवानगी घेऊन, आधीच फोडून पडलेल्या दगडांतला एखादा तुकडा बेसाल्टसकट आणूया. सोबत चिठ्ठी हवीच: गाव, खाण, तारीख. सरांनी लॅबमध्ये एक कप्पा द्यावा, चिठ्ठ्या लिहायला आम्ही आहोतच!