विश्लेषण : घरात सर्ज प्रोटेक्टर नेमका कुठे बसवायचा?

वळवाच्या पावसात विजांचा कडकडाट होतो आणि वीजपुरवठा परत आला की राउटर किंवा टीव्ही सुरूच होत नाही. असा अनुभव राज्यात दर मे-जूनमध्ये अनेकांना येतो. त्यावर उपाय म्हणून बहुतेक जण टीव्हीमागे स्पाइक गार्ड लावतात. पण संरक्षणाची सुरुवात तिथून होत नाही.

सर्ज म्हणजे काय?
घरातील विजेचा दाब साधारण २३० व्होल्ट असतो. जवळपास वीज कोसळली किंवा लाइनवरचा मोठा भार अचानक चालू-बंद झाला, तर तो काही मायक्रोसेकंदांसाठी हजारो व्होल्टपर्यंत उसळू शकतो. एमसीबी जादा प्रवाह आणि शॉर्टसर्किटवर, तर आरसीसीबी विजेच्या गळतीवर काम करतो. ही उसळी रोखणे दोघांचेही काम नाही. ते काम ‘सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस’ म्हणजे एसपीडी करते. दाब वाढताच ते जादा प्रवाह अर्थिंगकडे वळवते.

पहिली जागा कोणती?
मीटरनंतरचा मुख्य डीबी, म्हणजे वितरण पेटी. मीटर आणि त्याआधीची लाइन वीज कंपनीच्या अखत्यारीत असते, तिथे ग्राहकाने हात लावायचा नाही. डीबीत एसपीडी मेन स्विचनंतर, पण शक्यतो आरसीसीबीच्या आधी जोडावे. अन्यथा उसळी वळवताना आरसीसीबी विनाकारण पडू शकतो. सर्वसाधारण घराला ‘टाइप २’ पुरते. इमारतीवर वीजरोधक असेल, तर प्रवेशाच्या जागी ‘टाइप १’ किंवा ‘टाइप १+२’ लागते.

मग स्पाइक गार्ड निरुपयोगी?
नाही, पण तो दुसरा टप्पा आहे. डीबीपासून उपकरणापर्यंतची वायर साधारण १० मीटरपेक्षा लांब असेल, तर उपकरणाजवळ ‘टाइप ३’ संरक्षण असावे. बाजारातील अनेक स्वस्त एक्स्टेन्शन बोर्डांत असे संरक्षण नसतेच, फक्त स्विच आणि दिवा असतो.

चूक कुठे होते?
वायरच्या लांबीत. एसपीडीला जोडणाऱ्या तारांची एकूण लांबी शक्य तो अर्ध्या मीटरच्या आत हवी. मोठ्या उसळीत तारेच्या प्रत्येक मीटरमागे सुमारे हजार व्होल्टची भर पडू शकते. नीटनेटकी दिसावी म्हणून वळणे घेत नेलेली तार संरक्षण कमी करते. शिवाय अर्थिंगच खराब असेल, तर उसळीला जायला वाट उरत नाही. त्यामुळे एसपीडी घेण्याआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे.

छतावर सोलर असेल तर?
फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर’ योजना सुरू झाली. सोलरमध्ये पॅनेलकडून येणारी डीसी वायर हा उसळीसाठी आणखी एक मार्ग ठरतो. त्या बाजूला डीसीसाठीचे आणि इन्व्हर्टरनंतर एसीसाठीचे, अशी दोन वेगळी एसपीडी लागतात. डिशची केबल किंवा तांब्याची इंटरनेट वायर हेही असेच मार्ग आहेत.

एसपीडी कशापासून वाचवत नाही?
न्यूट्रल तुटण्यापासून. थ्री-फेज लाइनचा न्यूट्रल तुटला, तर काही घरांत दाब ४०० व्होल्टच्या जवळ जाऊ शकतो आणि तो काही मिनिटे टिकू शकतो. अशा वेळी एसपीडी स्वतःच तापून निकामी होऊ शकते. त्यासाठी ठरावीक मर्यादेबाहेर पुरवठा तोडणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर वेगळा बसवावा लागतो. घरावर थेट वीज पडली, तर एकट्या एसपीडीवर भिस्त ठेवता येत नाही.

बसवल्यावर काय पाहायचे?
अनेक एसपीडींवर छोटी खिडकी असते. हिरवा रंग म्हणजे चालू, लाल म्हणजे बदलण्याची वेळ. प्रत्येक मोठी उसळी झेलताना एसपीडी झिजते. निकामी झाली तरी घरातील वीज सुरूच राहू शकते, त्यामुळे ते लक्षात येत नाही. म्हणून पावसाळ्याआधी आणि मोठ्या वादळानंतर ही खिडकी पाहावी. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. आणि विजा सुरू होण्याआधीच महागड्या उपकरणांचे प्लग काढून ठेवण्याची जुनी सवय सोडू नये.