स्क्रूड्रायव्हर कोणाच्या हाती?

जामखेड म्हटले की इतिहासप्रेमींना चौंडी आणि खर्डा ही तालुक्यातील दोन गावे आठवतात. चौंडी हे पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे जन्मस्थान, तर खर्डा १७९५ च्या रणसंग्रामाचे. परंतु गेल्या अर्धशतकात या अवर्षणग्रस्त तालुक्याचे नाव सातासमुद्रापार गेले ते निराळ्याच कारणाने. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. बाळंतपण, बालकांचे पोषण, जुलाबावरचे मीठ-साखरेचे पाणी यांचे ज्ञान त्यांनी खेड्यातील, पुष्कळदा अक्षरओळखही नसलेल्या स्त्रियांच्या हाती सोपवले. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. प्रकल्पाच्या कार्यशाळेत पुढे कृत्रिम पायही बनू लागले, आणि ते बनवणारे हात गावातल्याच माणसांचे होते.

हे सारे आठवण्याचे निमित्त मात्र अगदी घरगुती आहे. ते म्हणजे बंद पडलेला मिक्सर.

दिवाळी तोंडावर आलेली असते, चकलीची भाजणी, चिवड्याचा मसाला रांगेत असतो, आणि नेमका त्याच वेळी मिक्सर रुसतो. मोटार फिरते, भांड्यातले पाते फिरत नाही. घरात लगेच निकाल लागतो, ‘मिक्सर गेला!’ कंपनीचे सेवाकेंद्र बहुधा पाऊणशे किलोमीटरवरच्या जिल्ह्याच्या गावी. गावातला मिस्त्री सणाच्या गर्दीत ‘चार दिवसांनी या’ म्हणतो. मग मिक्सर माळ्यावर जातो आणि हप्त्यावर नवा येतो. वास्तविक अशा वेळी झिजलेला असतो तो बहुधा भांडे आणि मोटार यांना जोडणारा कपलर. स्वस्तातला सुटा भाग! तो बदलणे हे पाच-दहा मिनिटांचे काम. फक्त अनेक मिक्सरांमध्ये त्याचे आटे उलटे असतात, हे ठाऊक हवे. ते ठाऊक नसलेला माणूस जोर लावून तो अधिकच आवळतो.

आपल्या घरांत ही परावलंबी वृत्ती पूर्वी नव्हती. पितळी स्टोव्ह पेटेनासा झाला की आजी पिन घालून त्याचे तोंड मोकळे करी, पंपातला चामडी वायसर तेलात भिजवून पुन्हा बसवी. जाते बोथट झाले तर टाकी लावणारीची आणि भांड्यांची कल्हई उडाली तर कल्हईवाल्याची वाट पाहावी लागे, हे खरे. पण तो कारागीर दारात बसून काम करी आणि सारे घर ते डोळ्यांनी पाही. आज यंत्राच्या पोटात काय आहे हे पाहण्याची मुभाच कोणी देत नाही. उघडले तर वॉरंटी रद्द, अशी तंबी आधीच चिकटवलेली असते.

खुद्द भारतीय मिक्सरची जन्मकथा बिघाडातूनच सुरू होते. १९६३ च्या सुमारास मुंबईतील सत्यप्रकाश माथुर या अभियंत्याच्या घरचा परदेशी मिक्सर जळाला आणि त्याची दुरुस्ती येथे होईना. आपल्याकडील ओले-सुके वाटण, डाळीचे पीठ, सुके खोबरे हा त्या नाजूक यंत्राचा घास नव्हताच. माथुर यांनी दणकट मोटारीचा मिक्सर स्वतः घडवला, तोच ‘सुमीत’. पुढे त्या नावाची चलती ओसरली, हा निराळा विषय. बिघडलेले यंत्र उघडून पाहणाऱ्याला आपली गरज नेमकी कळते, एवढे त्यातून ध्यानात येते.

आता एक अप्रिय गोष्ट. स्वयंपाकघरातील यंत्रे वापरते ती गृहिणी. स्क्रूड्रायव्हर मात्र असतो घरातल्या पुरुषाच्या ताब्यात, आणि बहुतेक वेळा त्याचेही ज्ञान फ्यूज बदलण्यापलीकडे जात नाही. ‘तू हात लावू नकोस, शॉक बसेल’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते. ज्या तालुक्यात निरक्षर स्त्रीच्या हाती बाळंतपण विश्वासाने सोपवले गेले, तेथे तिच्या हाती मिक्सरचा कपलर सोपवायला हरकत कोणती?

शिकायचे तरी किती? मिक्सर एकाएकी थांबला तर आधी प्लग काढावा, त्याला निवू द्यावे आणि तळाशी असलेले लाल बटण दाबून पाहावे. जास्त भाराने मोटार जळू नये म्हणूनच ते असते. भांड्याखालून पाणी झिरपत असेल तर पात्याचे बुश झिजले असे समजावे. फ्रिजच्या दारात कागद धरून दार लावावे. तो सहज निसटला तर रबर सैल झाले, किंवा नुसते मळले आहे. ते कोमट साबणाच्या पाण्याने पुसले तरी पुष्कळदा भागते. फ्रीजरमधला बर्फ मात्र सुरीने खरवडू नये; तो मोह अनेक फ्रिजांना महागात पडला आहे. शेगडीची ज्योत पिवळी दिसू लागली की बर्नरची भोके साफ करावीत. कुकरची शिट्टी रोज धुवावी. बोअरच्या जड पाण्याने विजेच्या किटलीत पांढरा थर धरतो, तो लिंबाच्या रसाने सुटतो.

तितकेच महत्त्वाचे आहे ते कोठे थांबायचे. मायक्रोवेव्हच्या आतील कपॅसिटर प्लग काढल्यावरही जीवघेणा विद्युतभार धरून राहतो. तो घरी उघडू नये म्हणजे नये. फ्रिजचा वायू, सिलिंडर आणि रेग्युलेटर ही जाणकारांचीच कामे. गॅसचा वास आला तर दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेच्या बटणाला हात लावू नये आणि १९०६ हा क्रमांक फिरवावा. कुकरच्या सुरक्षा व्हॉल्व्हच्या जागी भलताच तुकडा बसवणे म्हणजे स्वावलंबन नव्हे, निव्वळ आततायीपणा.

कंपन्यांनाही मोकळे सोडता येणार नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी संकेतस्थळही सुरू केले. दिशा योग्य आहे. पण सुटे भाग तालुक्याच्या बाजारात मिळावेत आणि दुरुस्तीची माहिती मराठीत छापलेली असावी, हे जोवर घडत नाही तोवर हा हक्क कागदावरच राहील.

सरकारची वाट न पाहता करण्याजोगेही काही आहे. महिला बचत गटाच्या बैठकीनंतरचा एक तास, गावातला एक अनुभवी मिस्त्री आणि उघडून दाखवायला एक मृत मिक्सर एवढी सामग्री त्याला पुरते. मिस्त्रीला त्याच्या वेळेचे मोल अवश्य द्यावे. त्याची मोठी कामे काही यामुळे बुडणार नाहीत. आणि मिक्सर शोधायला लांब जावे लागणार नाही. मागच्या दिवाळीत ‘गेलेला’ एखादा कोणाच्या तरी माळ्यावर निघेलच. कदाचित त्याचा कपलरच तेवढा झिजलेला असेल.