शेजारच्या रिंकवरही या!

19 नोव्हेंबर 2023 ला टोरांटोच्या लोकांनी आपल्या मेपल लीफ्स या आइस हॉकी संघाचा सामना सकाळी आठ वाजता, न्याहारी करता करता पाहिला. संघ होता स्टॉकहोमात. इथे रविवार दुपारचे दोन वाजले होते. मिनेसोटा वाइल्डविरुद्धचा तो सामना जादा वेळेत गेला आणि शेवटचा गोल केला विल्यम निलांडरने, म्हणजे स्वीडनच्या राष्ट्रीय संघातून खेळणाऱ्या मुलाने. प्रेक्षागृहात कोण कोणाला मिठी मारत होतं याला धरबंध राहिला नाही. माझी मुलगी घसा बसेपर्यंत ओरडली, आणि खरं सांगायचं तर मीही.

एरवी आमच्या घरी हे संघ जिच्यात खेळतात त्या एनएचएल या उत्तर अमेरिकी लीगवरूनच भांडणं होतात. टोरांटोत संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना आमच्याकडे मध्यरात्री एकला लागतो. बारीक आवाजात, पांघरुणात, फोनवर. मग सकाळी शाळेसाठी उठवताना जे रामायण घडतं ते शेजाऱ्यांनाही पाठ झालंय. तेव्हा एनएचएलचे संघ हंगामातले खरे, गुणांचे सामने खेळायला युरोपात येतात याला विरोध करणाऱ्यांत मी नाही. माझी तक्रार वेगळी आहे.

मी मूळची नाशिकची. नोकरीपायी स्टॉकहोमला आले तेव्हा हॉकी म्हणजे हिरवं मैदान आणि ध्यानचंद, एवढंच डोक्यात होतं. बर्फावरची हॉकी मुलीने घरात आणली आणि तिच्यामुळे मला या खेळाचा हिशेबही कळला.

गुणांचे सामने युरोपात सुरू झाले 2007 च्या सप्टेंबरात, लंडनच्या ओटू अरीनात. लॉस एंजेलिस किंग्ज आणि अनाहाइम डक्स यांनी तिथे दोन सामने खेळून एकेक जिंकला. लंडन हे काही हॉकीचं गाव नव्हे. पण किंग्जची मालकी ज्या अमेरिकी कंपनीकडे होती, तीच ते अरीनाही चालवत होती. मग प्राग, हेलसिंकी, बर्लिन, गोथेनबर्ग अशी गावं जोडली गेली. स्टॉकहोमला तर पुन्हा पुन्हा, अगदी 2025 च्या नोव्हेंबरातही पिट्सबर्ग आणि नॅशव्हिल आले होते. हेलसिंकीचं मोठं अरीना रशियन मालकांवरच्या निर्बंधांमुळे 2022 मध्ये बंद पडलं, तेव्हा फिनलंडचे सामने टाम्पेरेला गेले. थोडक्यात, आता ही नवलाई राहिलेली नाही. वेळापत्रकात ठरलेला बाजार आहे.

स्टॉकहोमात हे सामने होतात त्या इमारतीला आता अविची अरीना म्हणतात. आम्ही अजून ग्लोबेनच म्हणतो. पांढराशुभ्र प्रचंड गोल, मेट्रोतून लांबूनच दिसतो. त्याला खेटून एक जुनी, ठेंगणी इमारत आहे, हूवेट. 1955 मध्ये बांधली तेव्हा तिला छप्परही नव्हतं. ते नंतर आलं. माणसं मावतात जेमतेम आठ हजार. युरगोर्डन हा आमचा क्लब तिथे खेळतो. मॅट्स सुंडीन, मिका झिबानेजाद, गॅब्रिएल लांडेस्कूग ही सगळी याच क्लबातून गेलेली मुलं. लांडेस्कूग सोळाव्या वर्षी कॅनडाला गेला आणि 2017 च्या नोव्हेंबरात कोलोराडोचा कप्तान म्हणून आपल्याच गावी, ग्लोबेनमध्ये खेळायला उतरला. (त्याच दौऱ्याआधी कोलोराडोने मॅट डूशेनला चालू सामन्यात बर्फावरून उठवून ओटावाला देऊन टाकलं होतं. आठवडाभरात बिचारा स्टॉकहोमात जुन्या सोबत्यांविरुद्ध उभा! या धंद्यात माणसाची किंमत किती, ते यावरून समजावं.)

गावची मुलं परत येतात, त्यांना टाळ्या मिळतात, जर्सी विकल्या जातात. पण शेजारच्या हूवेटचं काय? गोलाच्या आत विकल्या जाणाऱ्या तिकिटांशी त्या ठेंगण्या इमारतीचा काही संबंध नाही.

ही मुलं तयार कशी होतात ते आधी सांगते. हिवाळ्यात लहान मुलांना रिंक मिळतो तो भल्या पहाटे. बाहेर काळोख, गाडीच्या काचेवर बर्फ, मागच्या सीटवर अर्धवट झोपेतलं पोर आणि त्याच्याहून मोठी बॅग. प्रशिक्षक बहुतेक वेळा कुणाचे तरी वडील. रिंकवरच्या टपरीवर कॉफी आणि सॉसेज विकायला पालकांच्या पाळ्या लागतात, सामन्याचं घड्याळही पालकच सांभाळतात. पैसे कमी पडले की संघातली मुलं दारोदार जाऊन टॉयलेट पेपरचे गठ्ठे विकतात. हो, टॉयलेट पेपरच. स्वीडनमधल्या मुलांचा खेळ त्यावर चालतो म्हटलं तरी चालेल. इथल्या मराठी मंडळींना मी दिवाळीच्या फराळासोबत तो गळ्यात मारलेला आहे. कुणी नाही म्हणालं नाही. चकली मिळाल्यावर कोण म्हणणार?

उत्तरेला अर्नशोल्ड्सविक नावाचं गाव आहे. वस्ती तीस-पस्तीस हजारांच्या घरात, आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. पीटर फोर्सबर्ग, मार्कस नेस्लुंड, हेन्रिक आणि डॅनियल हे सेडीन जुळे भाऊ, व्हिक्टर हेडमन, सगळे तिथले, मोडो क्लबात वाढलेले. एनएचएलने त्यांच्या जिवावर किती हंगाम काढले! करारानुसार खेळाडू गेला की युरोपी क्लबाला ठरावीक रक्कम मिळते. तो पुढे केवढा मोठा झाला, याचा त्या रकमेशी संबंध नसतो. 2025 च्या वसंतात मोडोची वरच्या लीगमधून घसरण झाली आणि आमचं युरगोर्डन खालून वर आलं. इकडे तळाला राहणाऱ्याला खाली जावं लागतं. एनएचएलच्या 32 संघांना ती भीतीच नाही, कितीही वाईट खेळा.

म्हणून माझी मागणी साधी आहे. युरोपात यायचं तर इथल्या क्लबाशीही खेळा, त्याच्या रिंकवर, त्याच्या प्रेक्षकांसमोर, आणि त्या सामन्याचा गल्ला त्या शहरातल्या मुलांच्या संघांना द्या.

हे काही अघटित नाही. 2009 च्या सप्टेंबरात झुरिचच्या झेडएससी लायन्सनी शिकागो ब्लॅकहॉक्सना 2-1 ने हरवलं. याच शिकागोने त्याच हंगामात एनएचएलचा स्टॅन्ली कप जिंकला. दहा वर्षांनी लोझानने फिलाडेल्फियाला 4-3 ने घरी पाठवलं. मधे 2018 मध्ये एडमंटन कोलोनला आलं तेव्हा त्यांच्याकडून खेळत होता कोलोनचाच लेऑन ड्रायसाइटल, आणि समोरच्या बाकावर कोलोनचा प्रशिक्षक म्हणून त्याचे वडील पीटर. एडमंटन जादा वेळेत कसंबसं जिंकलं. दोन अमेरिकी संघांना आणून, तिसऱ्याच गावात त्यांची आपसात लढत लावून हा रंग चढेल का?

पण इथल्या क्लबांशी असे सामने बसतात ते हंगामापूर्वीच्या सरावकाळात. नोव्हेंबरच्या दौऱ्यांत त्यांना जागाच नसते, आणि आता तर ती आणखी आटणार आहे. 2026-27 पासून प्रत्येक संघाचे सामने 82 ऐवजी 84, आणि हंगामापूर्वीचे सरावसामने फक्त चार, असं खेळाडू आणि लीगमध्ये ठरलं आहे. मग युरोपात येईल तो फक्त तयार माल. गुण त्यांचे, गल्ला त्यांचा, प्रेक्षक आमचे. 2025 च्या फेब्रुवारीत याच लीगने चार देशांची स्पर्धा भरवली. त्यात स्वीडन आणि फिनलंड हे दोन शेजारी एकमेकांशी खेळले ते मॉन्ट्रियलमध्ये! युरोपचा खरा सामना होता तेव्हा यांना युरोप आठवला नाही.

आणि गल्ल्यासोबत मालकीही बाहेर गेली की काय होतं ते हॅम्बुर्गला विचारा. 2011 मध्ये किंग्ज तिथल्या फ्रीझर्सशी खेळून गेले. दोन्ही संघांचा मालक एकच, लंडनचं अरीना चालवणारी तीच अमेरिकी कंपनी. 2016 मध्ये तिने फ्रीझर्सना पोसायचं थांबवलं. कप्तान आणि चाहते पैसे गोळा करत हिंडले, तरी क्लब संपला तो संपलाच.

मुंबई-पुण्याच्या वाचकाला हे दूरचं वाटेल, पण क्रिकेटमध्ये आपण त्या कंपनीच्या खुर्चीत बसलो आहोत. दक्षिण आफ्रिकेच्या एसए20 लीगचे सहाही संघ आयपीएलच्या मालकांचे. 2024 मध्ये त्या लीगसाठी मोठे खेळाडू घरी थांबले आणि न्यूझीलंडला कसोटीसाठी गेलेल्या आफ्रिकी संघात सात जण कधीच कसोटी न खेळलेले होते. आता लंडनच्या ओव्हलवरही ‘एमआय’चा झेंडा लागतो आहे. अभिमान जरूर वाटू द्या. तिथल्या क्लबांतली पोरं कोण घडवतं, हेही कधी विचारा.

स्पेनमध्ये प्रेक्षक आणि खेळाडू गप्प बसले नाहीत. बार्सिलोना आणि व्हियारेआल यांचा फुटबॉल लीगमधला सामना मायामीत न्यायचं ठरलं, तेव्हा खेळाडू सामना सुरू झाल्यावर पंधरा सेकंद जागचे हलले नाहीत, आणि 2025 च्या ऑक्टोबरात तो बेत बारगळला. हॉकीत मात्र सगळे खुशीत. मी तर म्हणते, सामने रद्द करू नका, वाटा मागा.

आणि मागता येतो. स्वीडनच्या क्लबांत किमान 51 टक्के मतं सभासदांच्या संस्थेकडेच राहतात, तसा नियमच आहे. इथे राहणारी आणि पोरांना पहाटे रिंकवर सोडणारी कितीतरी मराठी कुटुंबं मला माहीत आहेत. सभासदत्वाची वर्गणी भरा, वार्षिक सभेला या आणि लीगशी पुढचा करार होण्याआधी हा ठराव मांडा. अनुमोदन मी देते.