बारा रुपयांचं चीज

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी डोंबिवलीला धाकट्या नणंदेकडे आठ दिवस राहून आले आणि त्या आठ दिवसांत चक्क सहा ठिकाणचा पिझ्झा खाल्ला. फोनवर ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "अगं, वयाचं काही भान?" भान होतंच. गेले होते मुळी कामासाठी. आमच्या बचत गटाला नाताळच्या सुट्टीत स्टॉल लावायचा होता. घावनं, मोदक, थालीपीठ दरवर्षी असतातच, पण मुलं येतात, बघतात आणि विचारतात, "काकू, पिझ्झा नाही?" म्हटलं, या वेळी पिझ्झाच करू. मोठ्या शहरातली छोटी दुकानं तो कसा करतात, कितीला विकतात, ते एकदा बघून येऊ.

मोठ्या कंपन्यांच्या दुकानांत मला जायचंच नव्हतं. 1996 मध्ये त्या आपल्याकडे आल्या, तेव्हा पिझ्झा म्हणजे श्रीमंतांचं खाणं वाटायचं. आता डोंबिवली, कल्याण, ठाणे, कुठेही जा, गल्लीच्या तोंडाशी एक तरी पिझ्झावाला असतोच. कुणी बेकरीतून तयार बेस आणून तव्यावर भाजतो, कुणाकडे छोटा ओव्हन. वर गोडसर सॉस, ढोबळी मिरची, मक्याचे दाणे आणि भरपूर पांढरं चीज. कुठे 99 रुपये, कुठे 120, कुठे 180. भाचरं खूश होती. "मामी, अजून एक दुकान राहिलंय," म्हणून रोज संध्याकाळी मला बाहेर काढायची.

चौथ्या दुकानात मात्र माझ्यातली गृहिणी जागी झाली. पिझ्झा गरम होता तोवर बरा लागला, पण निवल्यावर वरचं चीज रबरासारखं झालं आणि टाळूला तेलकट थर बसला. दुकानदार आपल्याच मुलखातला, चिपळूणकडचा निघाला. त्याला सरळ विचारलं, "दादा, हे चीज कुठलं?" तो हसला. म्हणाला, "ताई, 99 रुपयांत सगळं खरं चीज कसं देणार? अर्धं ते, अर्धं ॲनालॉग."

हा शब्द मी पेपरात वाचला होता, तुम्हीही वाचला असेल. दुधातले घटक, सगळे किंवा थोडे, काढून त्यांच्या जागी दुसरंच काही घालून केलेला पदार्थ म्हणजे ॲनालॉग. चीजच्या बाबतीत बहुधा दुधाच्या स्निग्धांशाऐवजी पामतेलासारखं वनस्पती तेल आणि जोडीला स्टार्च. हे विष नाही, हे आधी स्पष्ट सांगते. ते विकायला कायद्याने बंदीही नाही. मनाई आहे ती त्याला दुधाच्या पदार्थाचं नाव लावून विकायला. पुडक्यावर खरं नाव छापलेलं असतं, पण ते पुडकं राहतं दुकानदाराच्या फ्रीजमध्ये. आपल्यासमोर येते ती प्लेट आणि "डबल चीज" लिहिलेला बोर्ड.

हा प्रश्न गल्लीपुरता नाही. 2024 च्या फेब्रुवारीत बातमी आली होती. अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, मॅकडोनाल्ड्सच्या एका शाखेत काही पदार्थांत चीजऐवजी ॲनालॉग असल्याचा आक्षेप अन्न व औषध प्रशासनाने घेतला. आपण खरंच चीज वापरतो, असं कंपनीने ठामपणे सांगितलं; पण काही पदार्थांच्या नावातून "चीज" हा शब्द निघाला. पुढे 2025 च्या मार्चमध्ये श्रीगोंद्याचे आमदार विक्रम पाचपुते यांनी नकली पनीर थेट विधानसभेत नेऊन दाखवलं. चार दिवस चर्चा झाली, आणि आपण पुन्हा पनीर टिक्का मागवायला मोकळे!

परत आल्यावर गटाच्या बैठकीत मी वही उघडली. घाऊक दुकानात मला खऱ्या मोझरेला चीजचा भाव किलोला 450 रुपये सांगितला होता, ॲनालॉगचा 250. सात इंची पिझ्झ्याला साधारण 60 ग्रॅम लागतं. म्हणजे खरं घातलं तर 27 रुपये, दुसरं घातलं तर 15. फरक बारा रुपयांचा. मैत्रिणींनो, मी तीन वेळा हिशेब केला. एवढ्या सगळ्या लपवालपवीची किंमत एका पिझ्झ्यामागे बारा रुपये! त्यात 2025 च्या 22 सप्टेंबरपासून चीजवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आलाय, म्हणजे ती सबबही थोडी लंगडी पडली.

पण बारा रुपये कुणासाठी थोडे? आमच्यातलीच एक म्हणाली, "ताई, रोजचे शंभर पिझ्झे धरले तर बाराशे होतात. माझ्या कर्जाचा हप्ता त्यात बसतो. आणि विचारतंय कोण? सगळेच घालतात." ती लबाड नाही. नवऱ्याचं काम सुटलेलं, मुलगी कॉलेजात. तिच्यापुढे नुसता उपदेश करायला माझी जीभ रेटेना.

मग मला आपला आंबा आठवला. मी म्हटलं, "बायांनो, कर्नाटकचा आंबा 'रत्नागिरी हापूस' म्हणून पेटीत भरून वाशीच्या बाजारात विकला की आपल्याला काय होतं?" सगळ्या एकदम बोलायला लागल्या. 2018 मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, ते याच फसवणुकीला आळा बसावा म्हणून. कर्नाटकचा आंबाही आंबाच आहे, खाऊन कुणी मरत नाही. चिडतो आपण नावाच्या चोरीवर. मग पामतेलाला चीज म्हणून विकताना आपण कोण झालो?

आणखी एक गोष्ट मी तिथे बोलले, ती घरची आहे. माझं माहेर कराडकडचं. भावाच्या गोठ्यात पाच गाई आहेत. 2024 च्या जुलैत सरकारने गाईच्या दुधाला लिटरला 30 रुपये दर आणि वर 5 रुपये अनुदान जाहीर केलं, तेही आंदोलनं झाल्यावर. एक किलो चीजला साधारण दहा लिटर दूध लागतं. म्हणजे चीजच्या नावावर तेल खपतं तेवढं दुधाचं गिऱ्हाईक तुटतं. पहाटे चारला उठून शेण काढते ती माझी वहिनी. बारा रुपये वाचतात, ते शेवटी तिच्याच पदरातून जातात.

बराच वेळ वाद झाला. शेवटी ठरलं ते असं: चीज खरंच घालायचं, भाव 120 ऐवजी 130 ठेवायचा आणि उरलेल्या दोन रुपयांची झीज आपण सोसायची. बोर्डावर मोठ्या अक्षरात लिहायचं, "दुधाचं चीज. पुडकं बघायला मागा." पहिल्या दिवशी फक्त 38 पिझ्झे गेले. शेजारच्या स्टॉलवर 99 रुपयांचा होता, तिथे रांग होती. ती कर्जवाली मैत्रीण माझ्याकडे बघायची आणि मी दुसरीकडे बघायचे. तिसऱ्या दिवशी काही आयांनी खरंच पुडकं मागून वाचलं आणि मग त्यांनीच इतरांना बोलावलं. शेवटच्या दिवशी 90 गेले. शंभर काही झाले नाहीत. हप्त्याला कमी पडले ते गटाने तिला बिनव्याजी दिले.

म्हणून सांगते, पिझ्झा जरूर खा, मुलांनाही द्या. पण मागवताना एक वाक्य विचारा, "चीज आहे की ॲनालॉग?" भिंतीवर चौदा आकडी परवाना क्रमांक लावलाय का, तेही बघा. घरी चाखून खरं-खोटं पक्कं ठरत नाही, ते प्रयोगशाळेचं काम. संशय आला तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तक्रार करता येते. आणि कुणी स्वस्तात ॲनालॉगच विकत असेल, पण तसं बोर्डावर लिहून, तर त्याच्यावर रागावू नका. त्याने निवड आपल्या हाती ठेवली आहे.

"विचारतंय कोण?" असं माझी मैत्रीण म्हणाली होती ना? विचारायचं आपणच.