वडिलोपार्जित करवत

खंडेनवमीस घरांतील हत्यारें बाहेर काढून त्यांस गंधफूल वाहण्याची रीत आपल्या पुष्कळ कुटुंबांत आजही पाळली जाते. पूजा आटोपतांच तीं हत्यारें पुन्हां पेटींत जातात आणि वर्षभर त्यांची कोणी विचारपूस करीत नाहीं. आमच्या घरीं आजोबांच्या दोन करवती अशाच कित्येक वर्षें हळदकुंकवाचीं बोटें अंगावर वागवीत पडून होत्या. गतवर्षीं जुनें घर पाडावयाचें ठरलें. भांडीकुंडीं वांटलीं गेलीं, पाट-चौरंगांचे वांटे झाले. करवतींवर मात्र कोणीच हक्क सांगितला नाहीं. ज्या करवतीनें आमचा देव्हारा घडला ती भंगाराच्या ढिगांत निघालेली पाहून आम्हांस वाईट वाटलें व आम्हीं दोन्ही उचलून आणल्या.

पुढें जें झालें तें सांगण्यास संकोच वाटतो, पण वाचकांच्या उपयोगाचें आहे म्हणून सांगतों. पहिल्या करवतीवर आम्हीं उत्साहाच्या भरांत विजेवर फिरणारा तारेचा ब्रश चालविला. अर्ध्या तासांत पातें आरशासारखें झालें आणि त्यावर कोरलेलें कारखान्याचें नांव कायमचें पुसलें गेलें. आजोबांनीं ती कोठची व कोणत्या काळांतील आणली हें सांगणारी एकुलती खूण आम्हीं आपल्याच हातानें नाहींशी केली. दुसरीच्या बाबतींत मात्र आम्ही शहाणे झालों.

एवढा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. आज बाजारांत मिळणाऱ्या पुष्कळ करवतींच्या दांत्यांस इतकें कठीण पाणी दिलेलें असतें कीं त्यांवर कानस चालत नाहीं. बोथट झाल्या कीं त्या टाकूनच द्याव्या लागतात. जुनी करवत मात्र पुन्हां पुन्हां धार घेते आणि दोन-तीन पिढ्यांस पुरते.

प्रथम ओळख पटवावी. मुठीवरील पितळी बिल्ला व पात्यावरील अक्षरें पाहावीं. 'कास्ट स्टील' अशीं अक्षरें आढळल्यास तें ओतीव बीड समजूं नये. मुशींत वितळवून केलेल्या उंची पोलादाचें तें नांव आहे. ही कृति बेंजामिन हंट्समन यानें १७४० च्या सुमारास इंग्लंडांत शेफील्डजवळ सिद्धीस नेली. अमेरिकेंतील फिलाडेल्फिया येथें हेन्री डिस्टन यानें १८४० सालीं काढलेल्या कारखान्याचा मालही जगभर जाई. १८६५ सालीं त्याचा मुलगा भागीदार झाला तेव्हां कारखान्याचें नांव बदललें, आणि १९५५ सालीं कारखाना दुसऱ्या कंपनीच्या हातीं गेला. बिल्ल्यावरील नांवांतील अशा फेरफारांवरून करवतीच्या वयाचा अदमास बांधतां येतो. मात्र बिल्ल्यावर नुसतें 'वॉरंटेड सुपीरिअर' असेल तर त्यावरून कांहींच निष्पन्न होत नाहीं. अनेक कारखाने आपल्या दुय्यम मालावर तीं अक्षरें घालीत.

मग दांते पाहावे. आपल्याकडील जुन्या घडणीच्या पुष्कळ करवतींचे दांते मुठीकडे कललेले असतात व त्या ओढतांना कापतात. विलायती करवत ढकलतांना कापते. लांकूड उभें चिरण्याच्या करवतीचे दांते पटाशीसारखे सरळ व मोठे, इंचास चार-सहा टोंकें असे असतात. आडवें कापण्याच्या करवतीचे दांते चाकूच्या टोंकासारखे तिरपे व बारीक, इंचास आठ ते बारा असतात. मोजतांना इंचाच्या दोन्ही कडांवरचीं टोंकें धरावीं. पुष्कळदां हा आंकडा मुठीजवळ पात्यावरच ठोकलेला असतो. आमच्या करवतीवर ८ निघाला.

आतां करवत दुरुस्तीच्या योग्यतेची आहे कीं नाहीं तें ठरवावें. दांत्यांच्या रेषेवरून डोळा लावून पाहावें. पातें हलकेंच वांकवून सोडल्यावर सरळ झालें तर उत्तम. मुरड पडून राहिली असेल तर जाणत्या कारागिराकडे न्यावें. पात्याच्या मध्यावरील गंजाचे खड्डे फारसे बाधक नसतात. दांत्यांजवळ ते खोल गेले असतील तर दांते मोडतात.

स्वच्छतेपूर्वीं मूठ सोडवावी. पितळी स्क्रू मऊ असतात, म्हणून घाई करूं नये आणि कोणता कोठला तें लिहून ठेवावें. पात्यावर रॉकेल चोळून कांहीं वेळ ठेवावें. जवळ दिवा किंवा शेगडी असूं नये. नंतर बारीक पॉलिश कागद लांकडाच्या सपाट ठोकळ्यास गुंडाळून लांबीच्या दिशेनें हलक्या हातानें घांसावा. ठोकळा सपाट असल्यामुळें भोंवतालचें पोलाद उजळतें व खोलगट अक्षरें काळीं राहतात. याच रीतीनें आमच्या दुसऱ्या पात्यावर तिसऱ्या दिवशीं 'फिलाडेल्फिया' हीं अक्षरें उमटलीं, तेव्हां घरांतील मुलें भोंवतीं गोळा झालीं.

मुठीचें लांकूड खरवडून नवें करूं नये. ओल्या फडक्यानें मळ पुसून, वाळल्यावर जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा व राहिलेलें तेल पुसून घ्यावें. येथें एक इशारा देणें आमचें कर्तव्य आहे: जवसाच्या तेलाचीं फडकीं चुरगळून टाकल्यास आपोआप पेट घेऊं शकतात. तीं उघड्यावर पसरून वाळवावीं किंवा पाण्यांत बुडवावीं.

धारेचें काम शेवटीं. पातें दोन फळ्यांत घट्ट आवळावें. सपाट कानस दांत्यांच्या टोंकांवरून फिरवून सर्व एका उंचीस आणावे. नंतर एक दांता डावीकडे, एक उजवीकडे असे किंचित् कलते करावे. दांत्याचा वरचा अर्धा भागच वळवावा, मुळापासून वळविल्यास तो तुटतो. मग तिकोनी कानशीनें एकआड एक खांच घांसून पातें उलटें लावावें व राहिलेल्या खांचा घ्याव्या. उभें चिरणाऱ्या करवतीस कानस काटकोनांत, आडवें कापणारीस तिरपी धरावी. हें काम प्रथम एखाद्या वृद्ध सुतारापाशीं बसून पाहावें. त्याला मान देऊन विचारलें तर तो शिकवितो, असा आमचा अनुभव आहे. पावसाळ्यापूर्वीं पात्यास यंत्राच्या तेलाचा हात द्यावा व तें भिंतीस टेकवून ठेवूं नये.

राहिला प्रश्न वांट्याचा. करवतीचे तुकडे होत नाहींत, म्हणून जो ती चालवील त्याची ती, असें आम्हीं घरांत ठरविलें. धाकट्या पुतण्यानें हात पुढें केला. देव्हाऱ्याची मोडलेली फळी त्यानें याच करवतीनें नवी करून बसविली. आजोबांच्या फळ्यांशेजारीं तिचा सांधा अजून थोडा उघडा दिसतो, पण देव तिच्यावर स्थिर बसले आहेत. नांव पुसलेल्या पहिल्या करवतीसही धार लावली. ती तितकेंच चांगलें कापते, मात्र ती कोणाच्या हातची हें आतां कोणास सांगतां येणार नाहीं.

येत्या खंडेनवमीस आमच्या वाचकांनीं पेटी उघडावी, तेव्हां पूजेपूर्वीं पात्यावरचीं अक्षरें एकदां उजेडांत धरून पाहावीं.